काजूचं कलम आणि चहाचा ढेकण्या

मंदीच्या त्या वर्षी गल्फमधल्या आमच्या अल नहदात संध्याकाळी पार्किंग मिळायला लागलं आणि माझी झोप उडाली. एरवी ऑफिसातून आल्यावर आमच्या टॉवरभोवती अर्धा अर्धा तास घिरट्या घालाव्या लागत. बायको वरून खिडकीतून टेहळणी करायची आणि फोनवर सांगायची, अहो, फार्मसीसमोरून एक जण निघतोय, पळा. आता थेट दारासमोर जागा मिळायची. शेजारी खूश होते, मला धडकी भरायची. एक मोकळी जागा म्हणजे एक बिऱ्हाड गेलं, असं माझं मन आपोआप धरून चालायचं. लिफ्टमध्ये सोफा, फ्रिज, पाळणा विकायच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटलेल्या असत. मुलीच्या वर्गातली मुलं कमी होत होती. ती दप्तर टाकता टाकता सांगायची, "बाबा, टुडे टू मोर लेफ्ट," आणि कार्टून लावून बसायची.

मी कोकणातला. शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकलो आणि पोटासाठी वाळवंटात बागा लावायला आलो. आमची लँडस्केपिंग कंपनी होती. चौकाचौकांत पिटुनिया, व्हिलांच्या कुंपणाला हेज, आणि त्या हेजवर पडलेला पिठ्या ढेकूण मारायला मी. बांधकामं थांबली तशी आमची कामंही एकामागून एक थांबली. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. जी इमारतच होणार नाही तिच्याभोवती बाग कोण लावणार? उरलं एकच मोठं काम, रास अल खैमाचं.

तिथे समुद्राच्या कडेला एक हॉटेल होत होतं. मालकाला कुठल्याशा डोंगरावर चहाचे मळे बघून हौस आली होती. लॉबीला लागून काचघर, त्यात चहाची खरीखुरी झुडपं, झुडपांमधून टेबलं, आणि पाहुण्याच्या डोळ्यांदेखत खुडलेल्या पानांचा चहा. दक्षिणेतल्या डोंगरांवरून चारशे झुडपं आली होती. त्यांना आंबट माती लागते म्हणून बाहेरून माती आणली, इथलं खारट पाणी चालत नाही म्हणून गाळायचं यंत्र बसवलं, हवा गार राहावी म्हणून भिंतभर ओले कूलिंग पॅड लावले. फेब्रुवारीअखेर हँडओव्हर होता. झुडपं हिरवीगार आणि निरोगी दिसली तर पुढची तीन वर्षं देखभालीचं काम आम्हाला, आणि काम मिळालं तर तिथली माणसं टिकणार. नाहीतर खलास. हे मॅनेजरने मला एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं. तो दिल्लीकडचा, माणूस वाईट नव्हता. पण तेव्हा सगळेच भेदरलेले होते आणि भेदरलेल्या माणसाकडून चांगुलपणाची अपेक्षा करू नये, हे मी तेव्हा त्याच्याबद्दल म्हणायचो.

काचघरात रोजचा माणूस एकच उरला होता, त्याला मी काका म्हणायचो. पन्नाशीचा, राजापूरकडचा, माझ्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरचा. अठरा वर्षं गल्फमध्ये काढलेली, आधी साईटवर सळ्या बांधल्या आणि मग बागकामात आला. खरा तो कलमं बांधणारा माणूस. त्याचं एकच गाणं होतं: अजून दोन वर्षं काढली की घरामागे विहीर पाडायची आणि काजूच्या कलमांची नर्सरी घालायची. जमीन होती, हात होता, पाणी नव्हतं. त्या दोन वर्षांचा विषय दिवसातून एकदा तरी निघायचाच. कधी कधी मी कंटाळून दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

काकांच्या एका सवयीची मला भारी चीड यायची. चहाचा एक कोंब खुडायचा असला तरी ते आधी विचारायचे, "साहेब, खुडू?" मी म्हणायचो, अहो काका, झाडं कंपनीची, काम तुमचं, विचारता काय? ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. आमच्याकडे ही रीतच आहे. दुसऱ्याच्या झाडाला न सांगता कोयता लावायचा नाही. फांदी तुमच्या कौलांवर टेकलेली असली तरी मालकाला हाक मारायची, त्याने हो म्हटलं की मग तोडायची. मालक मुंबईला असला तर त्याचं पत्र येईपर्यंत कौलं फुटू द्यायची. मी हे लहानपणापासून बघितलेलं. पण एमिराती वाळूत, काचेच्या खोलीत, बाहेरून आणलेल्या मातीत ही रीत पाळायची म्हणजे मला अतीच वाटायचं.

त्या दिवाळीत मी गावी गेलो. वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं. जायच्या आधीच्या पावसात त्यांनी बांधलेली काजूची कलमं मागच्या दारी पिशव्यांत तशीच उभी होती, मरगळलेली, कोणी लक्ष न दिलेली. त्यातलं एक तेवढं जोमात होतं, तांबूस कोवळी पालवी फुटलेली. मी ते उचललं. ओल्या वर्तमानपत्रात मुळं गुंडाळली, वरून प्लास्टिक, आणि सुटकेसमध्ये मुलीच्या फ्रॉकांच्या मधोमध आडवं घातलं. बायको म्हणाली, हे चालतं का नेलेलं? मी म्हटलं, सगळे कढीपत्ता नेतात, तुळस नेतात. चालत नाही हे मला तिच्यापेक्षा शंभरपट जास्त ठाऊक होतं. काचघराच्या दारावर हिंदी आणि इंग्रजीत लावलेली पाटी माझ्याच अक्षरात होती: बाहेरचं एकही रोप आत आणू नये. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अल नहदाच्या बाल्कनीत शेजारच्या एसीचं गरम वारं त्या कलमावर यायचं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी मी ते पिकअपमध्ये ठेवलं, रास अल खैमाला नेलं आणि काचघराच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीआड ठेवून दिलं. तिथे आधीपासून रंगाच्या दोन जुन्या बादल्या होत्या, त्यात काकांनी अळू लावला होता. पाटी लागायच्या आधीपासूनचा अळू, आणि त्याचं फदफदं डब्यात भरून दर पंधरा दिवसांनी माझ्या घरी जायचं, त्यामुळे त्याला पाटी लागू नव्हती. काकांनी कलमाभोवती एक चक्कर मारली, कलमाची गाठ बोटाने चाचपली आणि म्हणाले, "बाबांचा हात होता." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी टाकीच्या पलीकडे जाऊन नळ उगाच उघडझाप करत राहिलो.

डिसेंबर सरता सरता चहाच्या कोवळ्या पानांवर ठिपके दिसले. आधी पाण्याने भिजल्यासारखे, मग तपकिरी, मग पान वळायला लागलं आणि शेंडा काळा पडला. मी पान उलटून बघितलं आणि ओळखलं. ढेकण्या. चहावाले त्याला टी मॉस्किटो म्हणतात, पण तो डास नव्हे, ढेकणाच्या जातीतला. सडपातळ, लांब मिशांचा, आणि पाठीवर टाचणी उभी टोचावी तसा एक काटा. सोंड खुपसून कोवळ्या कोंबातला रस ओढतो आणि जिथे टोचतो तिथे आपली लाळ सोडून पेशी मारतो. पिल्लं तर मुंग्यांसारखी दिसतात. आमच्याकडे हा काजूवर येतो. लहानपणी काजूच्या मोहोराच्या दिवसांत त्याचं नाव घरात रोज निघायचं.

मॅनेजरला फोन केला. त्याने 'मॉस्किटो' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी धुराची गाडी पाठवली. ती मी दारातून परत पाठवली. कीटकनाशकाचा थेंबही आत चालणार नव्हता, तसं करारातच होतं, कारण ही पानं पुढे पाहुण्यांच्या पोटात जाणार होती. उरला निंबोळी तेलाचा फवारा, आणि उरले हात. अडचण अशी की ढेकण्या अंडी पानावर घालत नाही, कोवळ्या देठाच्या आत खुपसतो. बाहेर दिसतात ते फक्त दोन बारीक केस, तेही भिंग लावून. फवारा त्या अंड्याला पोचत नाही. कोंबच खुडून न्यायचा, पिशवीत गाठ मारून बंद करायचा आणि उन्हात भाजायचा, एवढाच खात्रीचा उपाय. पण हँडओव्हरला मालकाला हिरवी कोवळी पालवी बघायची होती, आणि ढेकण्यालाही नेमकी तीच हवी होती.

मी पहाटे साडेचारला अल नहदा सोडायचो. सूर्य वर यायच्या आत पोचायचं, कारण ऊन चढलं की हा किडा पानाआड दडतो. रस्ताभर मनात एकच, काल किती शेंडे काळे होते, आज किती असतील. काचघरात शिरलो की आम्ही दोन टोकांनी सुरुवात करायचो आणि मधे भेटायचो. काका पिल्लं बोटांनी चिरडायचे आणि बोटं पॅन्टला पुसायचे. गावाकडे काजूवर ओंबील असते, ती लाल चावरी मुंगी पानं शिवून घरटं करते. माझे वडील ती घरटी कोणाला काढू द्यायचे नाहीत, कारण ओंबील असलेल्या झाडाकडे ढेकण्या फिरकत नाही. मी म्हटलं, इथे ओंबील कुठून आणायची? काका म्हणाले, आपण दोघं हाव की. ह्यावर मी हसलो, त्या सगळ्या दिवसांतलं बहुधा एकदाच.

खुडलं की आठ-दहा दिवस झुडपं स्वच्छ राहायची. मग पुन्हा ठिपके. पुन्हा खुडा, पुन्हा पिशव्या, पुन्हा हॉटेलच्या गच्चीवर उन्हात. हे असं तीनदा झालं आणि माझं डोकं फिरायला लागलं. आत येतोय कुठून? मी दोन दारांमधली जाळी तपासली, कूलिंग पॅडच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, झुडपं पुरवणाऱ्याला चिडून ईमेल लिहिला. त्याचं उत्तर आलं की झुडपं जाऊन साडेतीन महिने झाले आणि डिसेंबर सरेपर्यंत काही नव्हतं, तर आता आमचा काय संबंध? मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता. घरी जेवताना मी मधेच उठून मेल बघायचो. मुलगी म्हणाली, "मम्मा, बाबा इज नॉट लिसनिंग," आणि मी तिच्यावर ओरडलो.

काकांनी मला तीनदा सांगायचा प्रयत्न केला होता, हे मला आज स्पष्ट दिसतं. पहिल्यांदा म्हणाले, साहेब, कलमाची पालवी बघितलीत? मी म्हटलं, हो, छान फुटलीय. दुसऱ्यांदा म्हणाले, कलम थोडे दिवस बाहेर ठेवूया का. मी म्हटलं, बाहेर सिमेंटची धूळ, तासात मरेल. तिसऱ्यांदा ते कोयती हातात घेऊन टाकीपाशी उभे होते आणि नुसते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, काका, तिकडे काय करताय, इकडे रांग राहिलीय. ते आले. साहेबाचं झाड, त्यातून बापाच्या हातचं, आणि साहेब हो म्हणत नाही. ते आणखी काय करणार होते?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी डबा खायला एक रिकामी बादली उलटी घालून टाकीआड बसलो. समोर कलम. नुसता बघत होतो, वडिलांच्या आठवणीने, पोळीचा घास हातात. शेंडा काळा होता. देठावर डिंकाचा थेंब सुकला होता. मी घास डब्यात ठेवला, खिशातलं भिंग काढलं आणि खालच्या हिरव्या देठावर धरलं. दोन केस. त्याच्या बाजूला आणखी दोन. पुढे आणखी. चारशे झुडपांची पानं न् पानं उलटणारा मी, दोन हातांवरच्या ह्या एका झाडाकडे तीन महिने भिंग घेऊन एकदाही आलो नव्हतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. आमची खुडणी झाली की ढेकण्या इथे येऊन राहत होता, आणि पालवी फुटली की परत चहावर जात होता. सुटकेसमधून, मुलीच्या फ्रॉकांमधून, मीच त्याला आणलं होतं.

पहिला विचार काकांना हाक मारायचा आला, हे खरं आहे. दुसरा विचार व्हिसाचा आला आणि तो जाईना. मी भिंग खिशात ठेवलं आणि रांगेत जाऊन कोंब खुडायला लागलो. त्याच दुपारी मॅनेजरचा मेल आला: क्लायंटला लेखी कारण हवंय, कीड आली कशी, जबाबदार कोण. मी तासभर बसून एक वाक्य लिहिलं. काचघराच्या मागच्या कोपऱ्यात बाहेरून आणून ठेवलेल्या झाडांवरून प्रादुर्भाव झाला असावा. पुन्हा पुन्हा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्या वाक्याचा चक्क अभिमान वाटला, आणि मी ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः आला. तडक टाकीआड गेला. काका हातातली टोपली घेऊन तिथेच उभे होते. अळूच्या दोन बादल्या आणि मधे काजूचं कलम, ह्यांच्याकडे बोट फिरवून त्याने मला विचारलं, "ये सब किसका है?"

मी म्हणालो, "सर, अळू काकांचा आहे. मतलब, वो पत्ते इनके हैं."

एवढंच. कलमाबद्दल त्याने वेगळं विचारलं नाही आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याने तिन्ही एकातच धरली. काकांना हिंदी उत्तम यायची, अठरा वर्षं तीच बोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील, आणि माझ्या पाचावर धारण बसली. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि बादल्या उचलून बाहेर न्यायला लागले. कलमाला मात्र हात लावला नाही. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला की क्लायंटला काहीतरी ॲक्शन दाखवावी लागते, तुम समझते हो. मी समजलो. तसाही एक माणूस कमी करायचाच होता, त्याच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला.

आठवड्यात काकांचं तिकीट आलं. त्या आठवड्यात आम्ही रोजच्यासारखं काम केलं, दोन टोकांनी सुरुवात, मधे भेट. मी रोज ठरवायचो की आज मॅनेजरला फोन लावायचा. नंबर काढायचो. अल नहदात आणखी दोन गाड्या कमी झालेल्या दिसायच्या आणि मी फोन खिशात टाकायचो. मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि दोन्हींत भीती मोठी होती. ह्याहून चांगलं कारण माझ्यापाशी तेव्हा नव्हतं, आजही नाही.

शेवटच्या दिवशी काकांनी हातपाय धुतले, कपडे बदलले आणि टाकीआड गेले. मी मागोमाग गेलो. त्यांच्या हातात कोयती होती.

"साहेब, आता तरी कोयता लावू?"

मी मान हलवली. त्यांनी गाठीच्या खाली एकच घाव घातला, फांदीचे तुकडे केले, पिशवीत भरले, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती स्वतः गच्चीवर उन्हात ठेवून आले. मग कंपनीच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले. मी विमानतळापर्यंत सोडायला येतो म्हटलं, तर म्हणाले, नको, तुमची सकाळची रांग राहील.

त्यानंतर ठिपके आले नाहीत. हँडओव्हरच्या दिवशी काचघर वरपासून खालपर्यंत कोवळं हिरवं होतं. मालकाने एक कोंब स्वतः खुडला, कोणीतरी गरम पाणी आणलं, आणि सगळ्यांनी छोट्या पेल्यांतून ते गवताच्या चवीचं पाणी पिऊन वा वा केलं. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांचं काम मिळालं. माझा व्हिसा राहिला, मुलीची शाळा राहिली, आणि पुढे हळूहळू अल नहदात पुन्हा पार्किंग मिळेनासं झालं.

मी मात्र स्वस्थ झालो नाही. चोराच्या मनात चांदणं. मॅनेजरचा फोन आला की वाटायचं, कळलं ह्याला. कोणी काकांचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. सुट्टीत गावी गेलो की त्यांच्या गावाच्या फाट्यावरून जाताना बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. तिने पहिल्या वर्षी समजूत घातली, दुसऱ्या वर्षी गप्प राहिली. चौथ्या वर्षी, मार्चअखेर मुलीच्या शाळेला सुट्टी पडल्यावर आम्ही गावी आलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, जाऊन या एकदाचे. झोपेत कूस बदलून बदलून गादी फाडलीत."

मी चुलतभावाची मोटरसायकल घेऊन गेलो. काजूचे दिवस, रस्त्याला बोंडांचा आंबूस वास. काकांचं घर विचारत विचारत सापडलं. घरामागे उतारावर हिरव्या जाळीखाली पिशव्यांत काजूची कलमं ओळीने लावली होती, पाच-सहाशे तरी असतील. विहीर कुठे दिसली नाही. काका खालच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, दोन हातांत दोन कळश्या घेऊन चढत येत होते. मला बघून थांबले, ओळखलं, आणि "या साहेब" म्हणाले, जसे काचघरात म्हणायचे तसेच. काकींनी आतून पाणी आणि गूळ आणून दिला आणि चहा टाकायला गेल्या.

मी विहिरीचं विचारलं. ते म्हणाले, राहिली. दोन वर्षं कमी पडली. पऱ्या एप्रिलपर्यंत टिकतो, मग वाडीच्या टाकीवरून आणतो. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पावसाचं सांगावं तसं सांगितलं. ती तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

मी गाडीवरून येताना बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरलो.

"काका, तो ढेकण्या तुमच्या अळूवरून आला नव्हता. माझ्या कलमावरून आला होता. मला तेव्हा माहीत होतं."

त्यांनी एका पिशवीतलं तण उपटलं, मुळावरची माती झटकली.

"मला कशाला सांगता, साहेब? मला तर तुमच्या आधीपासून ठाऊक होतं. तिकडे सांगायचं होतं तुम्ही."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. त्यांनी एक कळशी कलमांच्या मुळाशी थोडी थोडी ओतत संपवली, दुसरी संपवली. शेवटच्या तीन ओळी कोरड्याच राहिल्या. दोन्ही रिकाम्या कळश्या घेऊन ते परत पऱ्याकडे निघाले, चार पावलं गेले, आणि मागे न बघता त्यातली एक खाली ठेवली. मी चपला काढल्या आणि ती उचलली.